कीपर परत येईपर्यंत मराठी बंद

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत मी दोन वर्षं ज्यांच्या घरी भाड्याने राहिलो, ते गृहस्थ समोरच्याचा वेग बघून त्याच्यापासून किती लांब उभं राहायचं ते ठरवत. हे मी वाढवून सांगत नाही. वाढवून सांगायच्या गोष्टी पुढे आहेत.

फाडफाड बोलणारा कुणी भेटला की ते मोजून पंधरा पावलं मागे सरकत. कोपऱ्यावरचा रेशन दुकानदार बोलायला तोफ होता, म्हणून त्याच्याशी ते रस्त्याच्या पलीकडून बोलायचे. मधून टाउन बस जायची, ऑटो जायच्या, आणि "साखर आली का?" या प्रश्नाचं उत्तर तिसऱ्या ऑटोनंतर मिळायचं. उलट शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर एक वाक्य सकाळी सुरू करून जेवणाच्या वेळेला संपवत. त्यांच्या मात्र ते नाकाला नाक लावून उभे राहत. मला त्यांनी पहिल्याच दिवशी तपासलं आणि निकाल दिला, "तू फिरकी. सरळ काही बोलत नाहीस, वळवतोस." त्या दिवसापासून ते माझ्या इतके जवळ उभे राहायचे की सकाळी इडलीबरोबर त्यांनी कुठली पोडी, म्हणजे चटणीची पूड, खाल्ली ते मला न विचारता कळायचं.

गल्ली त्यांना मामा म्हणे, मीही मामाच म्हणू लागलो. ते एका सरकारी कचेरीतून निवृत्त झाले होते, पण त्याचा उल्लेख केलेला त्यांना आवडत नसे. ओळख करून देताना म्हणत, "कचेरीच्या क्रिकेट संघाचा कीपर. बावीस वर्षं." पेपर ते उकिडवे बसून वाचत. भाजी उकिडवे बसून निवडत. फोन वाजला तर आधी उकिडवे बसत आणि मग उचलत. उठताना त्यांचे गुडघे असे कडाडत की राजवाड्याच्या मनोऱ्यावरची कबुतरं उडत आणि पर्यटक फोटो काढत. लग्न त्यांनी केलं नव्हतं. ऐकीव गोष्ट अशी, की कुंभकोणमला मुलगी बघायला गेले असता तिच्या हातून ताटातला पेला निसटला. मामांनी डावीकडे झेप घेऊन तो जमिनीपासून दोन बोटांवर झेलला. इथवर ठीक होतं. पण मग त्यांनी तो वर उंचावून मुलीच्या बापाकडे बघत अपील केलं. बापाने अपील फेटाळलं.

आता अक्का.

अक्का म्हणजे मामांची थोरली बहीण. त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी, विधवा, हाडाने बारीक, जिभेने वेगवान. घराच्या मागच्या दोन खोल्या तिच्या, पुढच्या दोन मामांच्या, माडीवरची माझी. मधलं दालन, त्यातला टीव्ही आणि स्वयंपाकघर सामाईक. मामांना कीपिंग शिकवलं ते अक्कानेच. लहानपणी याच गल्लीत ती भिंतीवर चेंडू मारायची आणि हा झेलायचा. या अक्काशी बोलताना मामा थेट अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, प्राजक्ताखाली जाऊन उभे राहत. आणि बोलत तमिळमध्ये. नाहीतर इंग्रजीत.

हे मला पहिल्या आठवड्यात कळलं आणि मी चक्रावलो. त्या घरात तमिळ बाजाराची होती, इंग्रजी कचेरीची. मराठी फक्त घरात चिडायला, चिडवायला आणि पोटातलं सांगायला. भाचरंडं मराठी समजायची, पण उत्तर तमिळमध्ये द्यायची. म्हणजे त्या घरात पुरतं मराठी भांडू शकणारी माणसं उरली होती दोन, आणि ती दोघं एकमेकांशी असं बोलत:

"साप्टाच्चा?" अक्का विचारे. म्हणजे जेवलात का. पाहुण्याला विचारतात तसं, आदराने.

"आच्चु," मामा म्हणत. जेवलो.

आणि भांडण असेल तर इंग्रजी. "काइंडली नोट," मामा प्राजक्ताखालून ओरडत, "द मिल्क हॅज बॉइल्ड ओव्हर."

"नोटेड," अक्का आतून म्हणे. "युवर गॅस, युवर मिल्क."

मी पोस्टमास्तरांना विचारलं, हे काय प्रकरण आहे. त्यांनी सकाळी सुरुवात केली आणि दुपारपर्यंत मला सगळं समजलं.

भारताच्या कसोटी संघातला एक कीपर होता. नाव सांगत नाही, तुम्ही उगाच त्याच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलायला लागाल. त्याला एका मालिकेनंतर वगळलं. बातमी आली तेव्हा अक्का दालनात बसून शेंगा निवडत होती आणि मामा कॉफीचा पेला हातात घेऊन उकिडवे बसले होते.

"संपला तो," मामा म्हणाले. "एकदा काढलेल्याला परत कोण बोलावतं?"

"बोलावतील," अक्का म्हणाली. "हात चांगले अहेत त्याचे."

"कोण्ही बोलावत नाही."

"तुला बोलावलं नाही म्हणून त्यालाही नाही काय?"

झालं. इथे थोडं मागे जायला हवं. मामांना कचेरीच्या संघातून काढलं होतं ते नव्या साहेबांच्या जावयासाठी. काढताना सांगितलं होतं, "पुढच्या सामन्याला बोलावतो." त्यानंतर सलग तीन वर्षं दर रविवारी मामा पहाटे अंघोळ करून, पांढरी पँट घालून, ग्लोव्हज मांडीवर ठेवून ओट्यावर बसत. कुणी सायकलवरून निरोप घेऊन आलाच तर उशीर नको. कुणी आलं नाही. त्या तीन वर्षांत दर रविवारी अक्का बाहेर येऊन कॉफी ठेवून जाई आणि एक शब्द बोलत नसे. शेंगा निवडताना बोलली ती पहिल्यांदा.

मामा पांढरे पडले. कॉफीचा पेला कपाळापर्यंत नेऊन म्हणाले, "तो परत कसोटी खेळेल, त्या दिवशी तुज्याशी आपल्या भाषेत बोलीन. तोवर बंद." आणि शपथ पक्की व्हावी म्हणून ती उकळती कॉफी एका घोटात प्यायले. त्यामुळे पहिले दोन दिवस त्यांना कुठल्याच भाषेत बोलता आलं नाही.

मी राहायला गेलो तेव्हा शपथेला चार वर्षं झाली होती. एका बँकेने माझी साताऱ्याहून तंजावूरला बदली केली होती. का, ते मला आजही माहीत नाही. मामांनी खोली दिली ती एका अटीवर. संध्याकाळी सहा ते सात त्यांच्याशी मराठी बोलायचं. आजारी असलो तरी. पहिल्या संध्याकाळी मी म्हणालो, "जेवण झालं का?" त्यांनी कान झाकले. "झालं काय? जालं म्हण, जालं! शहाजीराजांच्या घरातलं मराठी आम्ही इथं जपून ठेवलं. तिकडं तुम्ही त्याचं वाट्टेल ते केलंत."

पण लवकरच माझ्या लक्षात आलं की हे सहा ते सात माझ्यासाठी नव्हतंच. मामा माझ्या नाकाला नाक लावून उभे राहत आणि बोलत मात्र मागच्या खोल्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "आज पापनाशमच्या आत्याची आठवण जाली!" माझे कान बधिर. मागे भांड्यांचा आवाज थांबे. कुणीतरी ऐकतंय हे मला कळे, त्यांनाही कळे. सात वाजले की मामा वळून तमिळमध्ये विचारत, उद्या दूध किती घेऊ.

आणि मग एका संध्याकाळी त्यांनी हळू आवाजात विचारलं, "तुला पत्र लिहिता येतं काय? आपल्या लिपीत?"

मामांना देवनागरी वाचता येत नव्हती. तंजावूरच्या मराठी घरांतून ती फार थोड्यांना येते. पण मामांचा हिशेब सरळ होता: क्रिकेटची मोठी कचेरी मुंबईला, मुंबईत मराठी, म्हणून पत्र मराठीत गेलं पाहिजे. शिपायापासून साहेबापर्यंत सगळे घरचेच. ते बोलले आणि मी लिहिलं:

"राजमान्य राजश्री निवड समिती यांचे सेवेसी, तंजावराहून साष्टांग नमस्कार विनंती विशेष. येथील वर्तमान यथास्थित. कावेरीस पाणी आलें. आपण जो कीपर दूर केला, तो हातांचा चांगला, चित्ताचा शांत. त्यास पुन्हा बोलावणें. न बोलाविल्यास एका घरांतील बोलणें खुंटलें आहे, त्याचें पातक आपणांकडे."

"मामा," मी म्हणालो, "तुम्हीच म्हणाला होतात ना, तो संपला?"

"संपलाच आहे. म्हणून तर पत्र लिहायला लागतं."

खाली मी माझ्यातर्फे एक ओळ घातली, की लिहिणारा भाडेकरू आहे, त्याचा यात काही हात नाही. मामांना वाचता येत नव्हतं, तेव्हा चाललं. अशी पत्रं दर पंधरवड्याला जात. डाकघरातल्या बाईंना वाटे, मामांची मुंबईत कोर्टकेस चालू आहे. त्या प्रत्येक वेळी शिक्का मारून "जिंकाल" म्हणत.

उत्तर आलं नाही. कीपर मात्र टीव्हीवर सामन्यांबद्दल बोलायला बसू लागला. क्रिकेटमध्ये हे म्हणजे माणसाचं वर्षश्राद्ध उरकल्यासारखं. तो कोट घालून पडद्यावर आला की मामा टीव्हीपुढे उकिडवे बसून कळवळत, "कोट काढ रे, कोट काढ."

मग अक्काच्या मुलाचा कोइमतूरहून फोन आला. नवं घर झालं, तळमजल्यावर तिची खोली तयार आहे, आता कायमची ये. अक्का हो म्हणाली. पुढच्या महिन्यातला एक रविवार ठरला. मुलगा गाडी घेऊन येणार. मामांना तिने हे सांगितलं ते इंग्रजीत. "आय ॲम शिफ्टिंग. धिस इज फॉर युवर इन्फर्मेशन."

"नोटेड," मामा म्हणाले, आणि त्या दिवशी ते प्राजक्ताखालून हललेच नाहीत. संध्याकाळी सहाला मी खाली गेलो तर म्हणाले, "आज सुट्टी." सहा वर्षांची शपथ, आणि उरलेले दिवस चोवीस. "मामा, शपथ मोडा," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना चेंडू जमिनीवरून उचलून झेल म्हणायला सांगितलं होतं.

आणि चोविसातले नऊ दिवस सरल्यावर बातमी आली. दुसऱ्या क्रमांकाचा कीपर जायबंदी झाला होता, तरुण पोरं कुणी परदेशात, कुणी तापाने पडलेली, आणि निवड समितीने अख्ख्या देशाला बुचकळ्यात टाकून त्या कोटवाल्याचं नाव कसोटी संघात घातलं होतं. टीव्हीवाले म्हणत होते, यामागे काय विचार आहे कळत नाही. मला कळत होता. ती पत्रं कुणीतरी वाचली होती. तुम्ही नका विश्वास ठेवू.

मामा अंगणातून धावत निघाले. प्राजक्तापासून अक्काच्या उंबऱ्यापर्यंत. तोंड उघडलं. सहा वर्षांचं मराठी ओठांवर आलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. अक्काने तांदूळ धुता धुता मान वर केली आणि म्हणाली, "स्क्वॉड इज नॉट प्लेइंग इलेव्हन."

मामांचं तोंड मिटलं.

"यू सेड, टेस्ट खेळेल," अक्का म्हणाली. शेवटचा शब्द मराठीत निसटला, तो तिने तांदळाच्या पाण्याबरोबर ओतून दिला. "ही विल कॅरी वॉटर."

आणि तिचं खरं होतं. कसोटी गुरुवारी सुरू होणार, अक्का रविवारी जाणार, आणि मुख्य कीपर धडधाकट. म्हणून मामा कोपऱ्यावरच्या पिळ्ळैयारकडे गेले. आमच्याकडे गणपतीपुढे नारळ हळुवार फोडतात. तिथे दगडावर आपटून त्याचे तुकडे उडवतात. मामांनी रोज एक आपटला. मी शेजारी उभा असे, त्यामुळे त्यांचा सौदा मला शब्दशः ठाऊक आहे.

"मोठं काही नको. बोट. डाव्या हाताचं, उजव्यानं जेवतो तो. करंगळी चालेल. मोडू नको, मुरगाळ नुस्ती. पंधरा दिवसांत बरं व्हायला पाहिजे, बायकापोरं अहेत त्याला." जरा थांबून म्हणाले, "दुखायला नको फार."

गुरुवार गेला. शुक्रवारी आपली फलंदाजी, तोही दिवस गेला. मुख्य कीपरने सत्तर धावा काढल्या. मामांनी प्रत्येक चौकाराला कपाळावर हात मारला. शनिवारी आपण गोलंदाजीला उतरलो. दालनात अक्का झोपाळ्यावर, मी चटईवर, मामा दाराच्या चौकटीत उकिडवे. मागच्या खोलीत अक्काच्या बांधलेल्या पेट्या.

चहापानानंतर तिसऱ्या षटकात चेंडू अचानक उसळला. कीपरने ग्लोव्ह झटकला, खाली बसला. फिजिओ धावत आला. ग्लोव्ह काढला. कॅमेरा जवळ गेला.

डावा हात. करंगळी.

"म्या केलं!" मामा किंचाळले. अर्थात माझ्याकडे बघून. "म्या केलं रे ते! पिळ्ळैयारला म्या सांगितलं होतं! चौदा नारळ! पत्रं लिहिलीं, तीं काय, तुला माहीत अहे, देवाला माहीत अहे! उद्या ती जाते म्हणून केलं! त्या पोराचं बोट मोडलं म्या!" आणि ते माझा हात धरून रडायला लागले, कडाडणाऱ्या गुडघ्यांवर पुढे-मागे डुलत.

झोपाळा थांबला.

पडद्यावर फिजिओने बोट हलवून बघितलं. मोडलं नव्हतं. मुरगळलं होतं. कीपर चालत बाहेर गेला, आणि पायऱ्यांवरून, ग्लोव्हजच्या पट्ट्या आवळत, आपला कोटवाला आत आला. आता बदली खेळाडूला यष्टींमागे उभं राहता येतं. पंचांनी मान हलवली. तो उभा राहिला, खाली बसला, ग्लोव्हज एकमेकांवर आपटले.

मामांनी डोळे पुसले आणि पहिल्यांदाच अक्काकडे वळले. बोलले नाहीत. नुसते बघत राहिले, पंचाकडे बघतात तसे.

अक्काने वेळ घेतला. चष्मा पुसला. आणि तमिळमध्ये, आदराने, निकाल दिला: बदली खेळाडू अकरांत धरत नाहीत. त्याच्या नावावर कसोटी लागत नाही. शपथ उभी आहे.

मी तुम्हाला सांगतो, मी बँकेत थकबाकीदारांची तोंडं पाहिली आहेत, पण असं तोंड पाहिलं नाही. मामांनी मान हलवली. कीपरने निकाल मान्य करायचा असतो. ते उठायला लागले.

"बस," अक्का म्हणाली. मराठीत.

मामा अर्धवट उठले होते, तसेच थांबले.

"शपथ तुजी. म्या कोठं घेतली? तू बोलूनको. म्या बोलते, तू ऐक." झोपाळ्यावरून ती पुढे वाकली. "सहा वर्षं म्या वाट पाहिली, तू बोलशील मग बोलू म्हणून. एकटीनं भिंतीशी काय बोलायचं? आता उद्या जायचं अहे. बस खाली."

मामा बसले. आणि अक्का सुरू झाली. बापरे. सहा वर्षांचं साठलेलं, आणि त्याच्या आधीचं साठ वर्षांचं. दूध उतू गेलं ते कोणामुळे. बाबांची छत्री कोणी हरवली. ओट्यावरच्या दर रविवारी म्या कॉफीत साखर जास्त घालत होते, कळलं तरी का तुला कधी. कुंभकोणमची मुलगी चांगली होती, पेला पडू द्यायचा होता, काय बिघडलं असतं. मामा ऐकत होते. डोळे वाहत होते, चेहरा हसत होता, ओठ घट्ट दाबलेले. टीव्हीवर षटकं सरत होती.

"आणि पापनाशमला!" अक्काचा आवाज चढला. "आत्याच्या भाताच्या खाचरात! कापणी जाली होती, गोलंदाजी माजी, बॅट आत्याच्या थोरल्याची. सरळ हातात झेल आला तुज्या. सोडलास! आणि सगळ्यांना काय सांगितलंस? डोळ्यांत ऊन आलं म्हणून! ऊन तुज्या पाठीवर होतं!"

मामांचा चेहरा तांबडा झाला. गळ्याची शीर फुगली. मी म्हणालो, "मामा, पाणी..."

"खोटं!"

गल्लीतला कुत्रा भुंकायला लागला.

"खोटं! साफ खोटं बोलतेस, अक्का! टप्पा पडला होता त्याचा! धसकटावर पडून उडाला तो! झेल नव्हताच!"

"झेल होता!"

"टप्पा होता!"

"मग ऊन कशाला सांगितलंस?"

"तू रडशील म्हणून! तुला वाटत होतं विकेट मिळाली! म्हटलं, चूक माज्यावर येऊ दे!"

झोपाळ्यावर अक्काने मांडीच घातली. "कबूल कर. झेल होता."

"मरेन, पण करणार नाही."

"मग म्या जात नाही. उद्या गाडी आली तर परत धाड तिला. तू कबूल करेपर्यंत म्या इथंच बसते."

"बस! बस की! कोण जा म्हणतं तुला!"

नेमक्या त्या वेळी पडद्यावर चेंडू बॅटची कड घेऊन पहिल्या स्लिपच्याही पुढे जमिनीलगत निघाला, आणि आपला कोटवाला, सदतीस वर्षांचा, सगळ्यांनी संपवलेला, उजवीकडे आडवा झेपावला आणि गवताच्या पात्यावरून त्याने तो उचलला. अख्खं मैदान उभं राहिलं. असा झेल मी जन्मात पाहिला नाही. त्या घरात तो फक्त मी पाहिला.

"मामा! अक्का!" मी ओरडलो. "झेल! बघा! झेल घेतला त्याने!"

दोघांनी एकदम माझ्याकडे वळून बघितलं.

"तू गप रे," दोघं म्हणाली, आणि परत पापनाशमला गेली.